फुजीला रंग लावणाऱ्यांचा गुन्हा काय?

एकोणिसाव्या शतकातल्या जपानच्या रंगवलेल्या छायाचित्रांचा विषय निघाला की जाणकार मंडळी एका ठरावीक पद्धतीने हसतात. गुलाबी चेरी, लाल पूल, मागे निळसर फुजी आणि वर लाखकामाच्या चकचकीत पुठ्ठ्यांचा अल्बम. ‘हां, ते योकोहामाचं! गोऱ्या प्रवाशांना विकायचे ते,’ एवढं म्हटलं की खटला निकाली. पुरावा मागायचा नाही, चित्र हातात घेऊन नीट बघायचं नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

या निकालामागचं आरोपपत्र साधारण असं असतं. छायाचित्राने खरं दाखवायचं. त्यावर कुंचला फिरवला की ते खोटं झालं. ते परदेशी गिऱ्हाइकासाठी काढलं, म्हणजे बाजारू झालं. त्यात दिसतो तो पाश्चात्त्यांच्या स्वप्नातला जपान, आगगाड्या आणि तारेचे खांब वगळून सजवलेला. आणि हे सगळं दुकानात हारीने बसलेल्या रोजंदारांनी केलं, तेव्हा त्यात कलावंत कुठला शोधायचा? १९७८ साली एडवर्ड सईद यांचं ‘ओरिएंटॅलिझम’ आलं आणि या नापसंतीला विद्यापीठांची भारदस्त भाषाही मिळाली. सईद यांचा मुख्य रोख होता अरब आणि इस्लामी जगाविषयीच्या पाश्चात्त्य लेखनावर. पण हत्यार हाती आलं की माणूस ते निक्कोच्या पुलावरही चालवतो.

ऐकायला हे सगळं पक्कं वाटतं. तपासायला बसलं की एकेक खिळा निघून हातात येतो.

आधी रंगाच्या खोटेपणाचं बघू. योकोहामा बंदर परदेशी व्यापाराला खुलं झालं १८५९ मध्ये आणि फेलिचे बेआतो हा व्हेनिसमध्ये जन्मलेला छायाचित्रकार तिथे पोचला १८६३ मध्ये. तेव्हा फोटो घ्यायचा तो ओल्या कलोडियनच्या काचेवर. काचेवर द्रावण ओतायचं, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात सरकवायची आणि वाळायच्या आत अंधाऱ्या तंबूत धुवायची. ही काच निळ्या-जांभळ्या प्रकाशाला हावरट होती, पण लाल-पिवळा तिला जवळजवळ दिसतच नसे आणि हिरव्याची समजही बेताचीच. त्यामुळे निळं आकाश छापात कोरं पांढरं येई, ढग विरून जात, झाडीने भरलेला डोंगर काळपट गोळा होई. भिंग काही सेकंद उघडं राहायचं, म्हणून वाहत्या पाण्याची दुधाळ साय व्हायची. ज्याला आज ‘निसर्गाचा प्रामाणिक ठसा’ म्हणून कौतुकाने दाखवलं जातं, तो ठसा हा असा होता. जगातल्या अर्ध्याअधिक रंगांना आंधळा.

निक्कोचा शिनक्यो पूल घ्या. दाइया नदीवरचा हा देवस्थानाचा पूल शेंदरी-लाल लाखरंगाचा आहे आणि गर्द हिरव्या दरीत तो लालपणामुळेच उठून दिसतो. रंग न लावलेल्या छापात हाच पूल काजळी धरलेल्या तुळईसारखा काळा येतो. रंगाऱ्याने त्यावर लाल चढवला, तर त्याने खोटं केलं की काचेने केलेली चूक दुरुस्त केली? अशा छापावर भिंग धरून बघावं. कठड्याच्या एकेका खांबाभोवती कुंचला कडेला येऊन थांबलेला असतो. मागच्या झाडीत लाल सांडत नाही. अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिलेला तो अल्ब्युमिन कागद गुळगुळीत, त्यावर पाणरंग सहजी धरत नाही, थेंब होऊन पळतो. म्हणून रंगात सरस मिसळायचा आणि पातळ हातावर पातळ हात द्यायचा, इतका की खालची लाकडाची रेघ आणि सावली बुजता कामा नये. जिथे रंग जाड बसला, तिथे फोटो मेला. ही शिस्त ज्याला जमली त्याचं काम आज सव्वाशे वर्षांनीही कळतं; ज्याला जमली नाही त्याचंही कळतं.

शिवाय त्या काळात दुसरा मार्ग तरी काय होता? ल्युमिएर बंधूंची ऑटोक्रोम ही रंगीत छायाचित्राची काच बाजारात आली १९०७ मध्ये. तोवर हिवाळ्यातलं फुजीचं निळसर बर्फ किंवा शरदात तांबडे झालेले मेपल दाखवायचे, तर हातानेच दाखवावे लागत. आज फोन आपणहून आकाश निळं करतो, पानं हिरवी करतो, चेहरा उजळ करतो आणि त्याला कोणी खोटारडा म्हणत नाही. ही मुभा योकोहामाच्या रंगाऱ्यालाच का नसावी?

खरी गंमत पुढे आहे. फ्रान्सच्या गुस्ताव ल ग्रे याने १८५० च्या दशकात समुद्राची अप्रतिम छायाचित्रं घेतली. समुद्र आणि आकाश एकाच काचेवर नीट येईना, म्हणून त्याने काही चित्रांत लाटा एका निगेटिव्हवरून आणि ढग दुसऱ्यावरून छापले. म्हणजे ते आभाळ त्या समुद्रावर त्या क्षणी नव्हतंच! सेत इथल्या मोठ्या लाटेचं त्याचं चित्र १९९९ साली लंडनच्या लिलावात त्या वेळच्या विक्रमी किमतीला गेलं. त्याच्या जोडकामाला ‘प्रतिभा’ म्हणायचं आणि निक्कोच्या पुलावरच्या लाल रंगाला ‘फसवणूक’? आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

आणि कोऱ्या, बिनरंगी छायाचित्राच्या सत्यनिष्ठेबद्दल बोलायचंच, तर बेआतोचंच दुसरं काम आठवावं. जपानला जाण्यापूर्वी, १८५८ मध्ये, तो लखनौला होता. सिकंदरबागेत आदल्या नोव्हेंबरात सुमारे दोन हजार हिंदी शिपाई मारले गेले होते. बेआतो काही महिन्यांनंतर पोचला, आणि त्याच्या प्रसिद्ध छायाचित्रात उद्ध्वस्त इमारतीसमोर हाडं आणि कवट्या विखुरलेल्या दिसतात. ती फोटोसाठी मुद्दाम उकरून मांडली गेली असावीत, असं अनेक अभ्यासक मानतात. त्या चित्रावर रंगाचा एक ठिपकाही नाही. खोटेपणा शोधायचा असेल तर रंगाऱ्याच्या वाट्या धुंडाळून काय मिळणार? साप समजून भुई धोपटणं म्हणतात ते हेच.

आता ‘पर्यटकांसाठी केलं’ हा आरोप. केलं, यात शंकाच नाही. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला, त्याच वर्षी अमेरिकेत एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत रेल्वे जोडली गेली आणि पृथ्वीप्रदक्षिणा ही पैसेवाल्यांची हौस झाली. टॉमस कुक यांची पहिली जगप्रवासाची सहल १८७२ मध्ये निघाली आणि जपान तिच्या वाटेवर होतं. योकोहामाला बोट लागली की प्रवासी स्टुडिओत जायचा, नमुन्यांच्या वह्या चाळायचा, क्रमांक सांगायचा आणि परतीच्या बोटीआधी पन्नास किंवा शंभर चित्रांचा बांधीव अल्बम त्याच्या हाती पडायचा. योकोहामातले स्टुडिओवाले कुसाकाबे किंबेई यांच्या यादीत अशी सुमारे दोन हजार दृश्यं होती. प्रत्येकाच्या तळाशी पांढऱ्या अक्षरांत क्रमांक आणि इंग्रजी नाव. व्यापार होता, आणि चांगला चोख व्यापार होता.

मग? व्हेनिसचे कालवे रंगवणाऱ्या कानालेत्तोची गिऱ्हाइकं कोण होती? युरोपची सफर करणारे इंग्रज उमराव. त्यांच्याशी त्याची गाठ घालून देणारा जोसेफ स्मिथ हा व्हेनिसमधला इंग्रज व्यापारी. त्याचा सगळा संग्रह १७६२ मध्ये तिसऱ्या जॉर्ज राजाने विकत घेतला आणि तो आजही ब्रिटिश राजघराण्याकडे आहे. त्या चित्रांना ‘टूरिस्टांचा माल’ म्हणून कोणी नाक मुरडत नाही. आणि लांब व्हेनिसला तरी कशाला जायचं? हिरोशिगेची तोकाइदो रस्त्यावरच्या मुक्कामांची चित्रमाला १८३० च्या दशकातली. ती कोण घ्यायचं? रस्त्याने जाणारे-येणारे आणि जाऊ न शकणारे, नूडल्सच्या एक-दोन वाडग्यांच्या भावात. ती प्रवासाची आठवण म्हणूनच विकली जायची. फरक इतकाच की तिथलं गिऱ्हाईक जपानी होतं. देशी गिऱ्हाइकाने घेतलं तर लोककला, परदेशी गिऱ्हाइकाने घेतलं तर बाजारू, हा कुठला न्याय?

हे गिऱ्हाईकही काही अगदीच आंधळं नव्हतं. मुंबईत जन्मलेला एक तरुण पत्रकार १८८९ मध्ये हिंदुस्थानातून विलायतेला जाताना जपानमध्ये उतरला आणि आदोल्फो फारसारी या इटालियनाच्या छायाचित्रांची त्याने मनापासून शिफारस केली. पत्रकाराचं नाव रुडयार्ड किपलिंग. किपलिंगची साम्राज्यनिष्ठा आपल्याला पचायची नाही, पण त्याची नजर मंद होती असा आरोप त्याच्या शत्रूंनीही केलेला नाही. फारसारीच्या स्टुडिओत एक रंगारी दिवसाला दोन-तीनच छाप रंगवत असे. घाऊक मालाची ही गती नव्हे. १८८६ मध्ये आगीत फारसारीच्या सगळ्या निगेटिव्ह जळाल्या, तेव्हा हा गृहस्थ पुन्हा कॅमेरा घेऊन पाच महिने देशभर हिंडला आणि नवा साठा उभा केला. नुसता पैसाच हवा असता तर दुसऱ्यांच्या काचा विकत घेऊन बसता आलं असतं. त्या धंद्यात तसं सर्रास चालायचं.

तिसरा आरोप सगळ्यात वजनदार समजला जातो: ही परक्यांची नजर आहे. परका प्रवासी, परका कॅमेरा, परक्यांना हवा तसा जपान.

इथे इतिहास जरा उघडून बघावा लागतो. बेआतोने धंदा १८७७ मध्ये बॅरन फॉन श्टिलफ्रीड या ऑस्ट्रियन सरदाराच्या कंपनीला विकला. पुढे १८८५ मध्ये त्या कंपनीचा वारसा फारसारीकडे आला, आणि जपानमधला नाव घेण्यासारखा परदेशी मालकीचा स्टुडिओ त्याचाच शेवटचा. बाजार तोवर जपानी हातांत गेलेला होता. बेआतोकडे रंगकाम करणारे किंबेई १८८१ च्या सुमारास स्वतःचा स्टुडिओ थाटून बसले आणि तीसेक वर्षं बसले. तामामुरा कोझाबुरो यांना १८९६ मध्ये बोस्टनच्या एका प्रकाशकाकडून जपानवरच्या भारदस्त ग्रंथमालेसाठी हाताने रंगवलेल्या छायाचित्रांची मागणी आली, तीही लाखोंच्या संख्येत. बेआतोच्या १८६८ च्या अल्बममध्ये माणसांची चित्रं रंगवलेली आहेत, निसर्गदृश्यं मात्र बहुतेक बिनरंगी. डोंगर, तळी आणि मंदिरं रंगांत न्हाऊन निघाली ती पुढे, आणि निगेटिव्ह कोणाचीही असो, त्यांवर कुंचला चालवणारे हात जपानीच होते.

दृश्यं निवडली कोणी, हाही प्रश्न विचारायला हवा. मात्सुशिमा, आमानोहाशिदाते आणि मियाजिमा ही जपानची तीन सर्वोत्तम दृश्यं म्हणून हायाशी गाहो या पंडिताने नोंदवली १६४३ मध्ये. बिवा सरोवराकाठची ओमीची आठ दृश्यं चीनच्या जुन्या परंपरेवरून बेतलेली, शतकानुशतकं कवितेत आणि चित्रात घोटलेली. त्यातलं कारासाकीचं प्रचंड पाइनचं झाड रंगवलेल्या अल्बमांत हमखास भेटतं. हे झाड काय लंडनच्या प्रवाशाने शोधलं? फुजी काय टॉमस कुकने उभा केला? जपानी माणूस ज्या जागी तीर्थाला जायचा, ज्या जागेवर कविता करायचा, तीच जागा त्याने पाहुण्याला दाखवली. पंढरपूरचा माणूस पाहुण्याला वाळवंटावर नेतो, त्याला आपण परक्यांची नजर म्हणत नाही.

आणि तो बिचारा परका उभा तरी कुठे राहणार होता? करारांप्रमाणे परदेशी माणसाला बंदरापासून दहा ‘री’, म्हणजे सुमारे चाळीस किलोमीटरच्या आतच मोकळं हिंडता येई. त्यापलीकडे जायचं तर जपान सरकारचा अंतर्गत परवाना लागे. हे बंधन उठलं १८९९ मध्ये. कामाकुरा, एनोशिमा, हाकोने, मियानोशिता, निक्को ही नावं प्रत्येक अल्बममध्ये पुन्हा पुन्हा येतात, त्यामागे पाश्चात्त्य स्वप्नांपेक्षा हा परवाना आणि योकोहामापासूनचं अंतर जास्त आहे. साम्राज्यवादी नजरेवर भाष्य करणाऱ्या लेखांत या चाळीस किलोमीटरांचा उल्लेख अधूनमधून तरी यावा, एवढी अपेक्षा फार नाही.

‘शुद्ध’ जपानी कलेचा दाखला देऊन ज्यांना या चित्रांवर शिक्का मारायचा असतो, त्यांनी होकुसाईच्या फुजीमालेतला तो सुप्रसिद्ध गडद निळा आठवावा. तो प्रशियन निळा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये तयार झालेला आणि जहाजांतून जपानला आलेला. होकुसाईने परदेशी रंगाने जपानी डोंगर रंगवला तर ती अस्सल कला. पाऊण-एक आयुष्य उलटल्यावर त्याच लाकडी ठशांच्या परंपरेत हात बसलेले कारागीर परदेशी कागदावर जपानी डोंगर रंगवू लागले, तर ती नक्कल?

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. स्टुडिओत घेतलेल्या माणसांच्या चित्रांत बनवाबनवी भरपूर होती. १८७६ मध्ये तलवार बाळगण्यावर बंदी आली, तरी त्यानंतरही चिलखत घातलेले ‘सामुराई’ पडद्यासमोर उभे केले जात. पाऊस म्हणून निगेटिव्हवर रेघा ओढल्या जात, किमोनोचं टोक तारेने उडवलं जाई. तामामुरा यांच्याकडे आली तशा प्रचंड मागण्यांत घाईचं, भडक कामही झालं. पण त्या पडदानाटकाची शिक्षा निसर्गदृश्यांना कशी? निक्कोचा सीडरवृक्षांचा रस्ता कोणी पडद्यावर रंगवून आणला नव्हता. आणि आधुनिक जपान वगळल्याची तक्रार करणाऱ्यांनी पूर्ण अल्बम उलटला असता, तर शिंबाशीचं रेल्वे स्टेशन, घोड्यांची ट्राम धावणारा गिन्झा, योकोहामाच्या रस्त्यावरचे तारेचे खांब आणि असाकुसाचा बारा मजली र्योउन्काकु मनोराही त्यांना भेटला असता. वगळले ते त्या काळच्या स्टुडिओंनी की आजच्या गुळगुळीत पुस्तकांच्या संपादकांनी, जे दर वेळी चेरी आणि फुजीच निवडतात?

राहिला कारखान्याचा मुद्दा. एकाने काच घेतली, दुसऱ्याने छापली, तिसऱ्याने आकाश रंगवलं, चौथ्याने कपडे. शिवाय निगेटिव्ह एका दुकानातून दुसऱ्यात विकल्या गेल्या, म्हणून कोणतं चित्र कोणाचं हेच ठरत नाही. खरं आहे. पण लाकडी ठशांचं चित्र तरी एका हातचं कुठे असायचं? चित्रकार रेखाटायचा, कोरक्या कोरायचा, छापणारा छापायचा आणि प्रकाशक पैसे घालून काय काढायचं ते ठरवायचा. योकोहामाच्या स्टुडिओंनी तीच घडी उचलली. एकट्या प्रतिभावंताची कल्पना पॅरिसहून आणायची आणि तिच्या मापाने जपानी कारखान्याला नापास करायचं, हीसुद्धा एक परकी नजरच झाली; फरक इतकाच की ती टीकाकारांची आहे, म्हणून कोणाला दिसत नाही.

आता या ‘खोट्या’, ‘बाजारू’ चित्रांनी मागे काय ठेवलं ते बघा. शिनक्यो पूल १९०२ च्या पुरात वाहून गेला. आज दिसतो तो १९०४ मध्ये पुन्हा बांधलेला. सोनेरी माशांचा नागोयाचा किल्ला १९४५ च्या मे महिन्यात बॉम्बहल्ल्यात जळाला. सध्याचा बुरूज १९५९ चा, काँक्रीटचा. र्योउन्काकुचे वरचे मजले १९२३ च्या भूकंपात कोसळले आणि उरलेला मनोराही पाडावा लागला. त्याच भूकंपाने योकोहामाही बेचिराख केलं आणि तिथल्या स्टुडिओंचे साठे संपवले. जे वाचलं ते बहुतेक परदेशात, त्या ‘गोऱ्या प्रवाशां’च्या घरांतल्या अल्बमांत वाचलं. आज नागासाकी विद्यापीठाचं ग्रंथालय अशी हजारो छायाचित्रं जमवून अभ्यासकांना खुली करतं, योकोहामाचं इतिहास-संग्रहालय त्यांवरून शहराचे जुने रस्ते ओळखतं. जपान्यांना स्वतःच्या गावांचा इतिहास लिहिताना ती विश्वासाची वाटतात आणि दूरच्या टीकाकाराला ती फसवी वाटतात, यातला विनोद ज्याचा त्याने बघावा.

अन्याय कोणावर झाला असेल तर तो त्या रंगाऱ्यांवर, आणि तो करणाऱ्यांत सुसंस्कृत टीकाकार आघाडीवर आहेत. बेआतोवर ग्रंथ निघतात, श्टिलफ्रीडवर प्रबंध लिहिले जातात, लिलावाच्या याद्यांत युरोपीय नावं ठळक अक्षरांत येतात. ज्यांनी पाच-दहा दृश्यांना नव्हे तर एका अख्ख्या देशाला त्याचा रंग परत दिला, त्या माणसांतल्या किंबेईसारख्या मोजक्यांची सोडता नावंही कोणी लिहून ठेवली नाहीत. ‘टूरिस्टांचा माल’ म्हणून ही चित्रं बाजूला सारणारा प्रत्येक जण त्या विस्मरणावर आपली सही करतो. रंग लावला म्हणून ही चित्रं उणी ठरत नाहीत. त्यांतलं सगळ्यात अवघड, सगळ्यात जपानी काम तेच आहे. तेव्हा ही छायाचित्रं भिंतीवर लावणाऱ्या संग्रहालयांनी छायाचित्रकाराच्या नावाखाली एक ओळ वाढवावी: रंगकाम जपानी कारागिराचं, नाव अज्ञात.